‘आठवड्यातून एकदा पाणी’ हा सल्ला मागे घ्यावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत बागेच्या पानावर सक्युलंटविषयी, म्हणजे पाना-खोडात पाणी साठवणाऱ्या मांसल झाडांविषयी, जो लेख आला आहे, त्याबद्दल लिहितो आहे. लेख सुबक आहे, छायाचित्रं तर फारच. पण त्यातल्या तीन गोष्टी डोंबिवली, पनवेल किंवा रत्नागिरीच्या वाचकाने जशाच्या तशा पाळल्या, तर गणपती येईपर्यंत त्याच्या कुंड्या रिकाम्या झालेल्या असतील. पहिली गोष्ट, दर आठवड्याला दोन चमचे पाणी. दुसरी, पाणी निथळावं म्हणून कुंडीच्या तळाला खड्यांचा थर. तिसरी, स्नेक प्लांट रात्री ऑक्सिजन सोडतं म्हणून ते उशाशी ठेवावं. तिसऱ्या सल्ल्याने झाड मरणार नाही, माणूसही मरणार नाही. पण ते चूक आहे आणि छापून आलं आहे, म्हणून त्याचाही समाचार घेतो.

माझा अधिकार काय, असं कोणी विचारेल. मी साताऱ्याच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र विभागात प्रयोगशाळा परिचर होतो. प्राध्यापक नव्हे. काचसामान धुवायचं, प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी पानं-फुलं जमवायची, मागच्या अंगणातल्या कुंड्या जगवायच्या, हे माझं काम. कुंडी मेली तर प्रात्यक्षिक बुडायचं आणि बोलणी मला खावी लागायची, त्यामुळे झाडं का मरतात हे मी जरा मन लावून पाहिलं. निवृत्तीनंतर मुलाकडे डोंबिवलीला आलो. आता तिसऱ्या मजल्यावरची खिडकीची ग्रिल हीच माझी बाग.

पाण्यापासून सुरुवात करतो. मे महिन्यात माझ्या ग्रिलमधली चार इंची मातीची कुंडी दोन-तीन दिवसांत खडखडीत होते. तीच कुंडी जुलैत, पावसाचा एक थेंब अंगावर न घेता, पंधरवडाभर ओलसर राहते. हवाच पाण्याने भरलेली असते, मग कुंडीतलं पाणी जाणार कुठे? दोरीवरची जीन्स तीन दिवस वाळत नाही तिथे कुंडी काय वाळणार! दर रविवारी नेमाने पाणी घालणारा माणूस झाडाला मेमध्ये तहानलेलं ठेवतो आणि जुलैत बुडवतो, आणि दोन्ही वेळा त्याला वाटतं की आपण शिस्तीने वागतो आहोत. साताऱ्याची कोरडी हवा आणि इथली दमट हवा यांतसुद्धा एवढा फरक आहे की तिथली माझी जुनी सवय इथे चालली नसती.

आता काही जण म्हणतील, सक्युलंटला पाऊस सोसतच नाही, एवढं साधं आहे ते. हेही अर्धंच खरं. याचं उत्तर आपल्याच सह्याद्रीच्या कड्यांवर लोंबकळतं आहे. शिवनेरीवर, पुरंदरजवळच्या वज्रगडावर आणि आमच्या सज्जनगडाच्या बाजूला एक मांसल खोडाची वनस्पती कातळाच्या फटीतून खाली लटकते. लोक तिला शिंदळ माकडी म्हणतात, अलीकडे शिवसुमन म्हणतात. १८६०च्या दशकात डॅलझेल नावाच्या साहेबाने तिचं शास्त्रीय वर्णन केलं आणि तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून नाव ठेवलं फ्रेरिया इंडिका. महाराष्ट्राबाहेर ती निसर्गात कुठेच नाही. १९८०च्या दशकात आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने जगातल्या धोक्यातल्या बारा वनस्पतींची जी यादी काढली होती, तिच्यात ही आमची माकडी होती. उन्हाळ्यात तिची पानं गळतात, नुसत्या जाड कांड्या उरतात. पावसाबरोबर पानं फुटतात आणि पाऊस ओसरत आला की पाच टोकांची, किरमिजी रंगावर पिवळे डाग असलेली फुलं येतात. माश्या त्यांच्यावर घोंघावतात.

या झाडाला चार महिने पाऊस अक्षरशः झोडपतो. तरी ते कुजत नाही. उभ्या कड्यावर पाणी क्षणभरही थांबत नाही, मुळांशी चिमूटभर माती आणि वारा अहोरात्र. म्हणजे पाणी किती पडलं याचा हिशेब ठेवून उपयोग नाही, मुळांशी ते किती वेळ राहिलं याचा ठेवायला हवा. माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात आलं. पुढचं सगळं तपशिलाचं.

(जाता जाता: हे वाचून कोणी शिवनेरीला जाऊन माकडीची फांदी तोडू नये. ती कांडीपासून सहज लागते, हे खरं, पण कांड्या वनस्पती उद्यानातून किंवा रोपं वाढवणाऱ्या अभ्यासकांकडून मागून घ्याव्यात.)

तर, दोन चमचे पाणी. एवढ्याने वरची अर्धा इंच माती भिजते आणि खालची मुळं कोरडीच राहतात. हळूहळू मुळं वर, ओलीकडे येतात आणि उन्हाने भाजतात. फवाऱ्याने पानांवर पाणी उडवणं त्याहून वाईट. एचेवेरिया या सक्युलंटच्या गुलाबासारख्या घडीत ते पाणी साचतं आणि मधला कोंब कुजतो. शिवाय तिच्या पानांवर जी पांढरट भुकटी असते तो तिचा उन्हापासूनचा बचाव आहे. ती बोटाने पुसली गेली तर त्या पानावर परत येत नाही. पाणी घालायचं तर मातीत, आणि कुंडीच्या भोकातून बाहेर येईपर्यंत घालायचं. मग पूर्ण वाळू द्यायचं. वाळलं की नाही हे पाहायला महागडं मीटर लागत नाही. विझलेल्या उदबत्तीची काडी तळापर्यंत खुपसा, पाच मिनिटांनी काढा. काडीला ओल किंवा माती चिकटली असेल तर पाण्याचा तांब्या परत ठेवा. सवय झाली की काडीही लागत नाही, कुंडी उचलल्यावर वजनावरून कळतं.

खालच्या ताटलीत साचलेलं पाणी लगेच ओतून द्यायचं. एक तर भोकातून ते परत वर शोषलं जातं आणि दुसरं म्हणजे डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. पावसाळ्यात पालिकेचे लोक तपासणीला येतात तेव्हा आधी कुंडीखालच्या ताटल्याच पाहतात. ताटल्या काढून टाकल्या तर पाणी दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या वाळवणावर पडतं आणि त्याची तपासणी पालिकेपेक्षा कडक असते. म्हणून मी सिंकमध्ये नेऊन पाणी घालतो, निथळू देतो आणि मग कुंडी ग्रिलमध्ये ठेवतो.

आता खड्यांचा थर. हा गैरसमज इतका जुना आहे की मोठमोठ्या नर्सरीतही तसंच सांगतात. कुंडीच्या तळाला खडे घातले की पाणी लवकर निघून जातं, असं वाटतं खरं. होतं उलटं. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या खड्यांत सहजासहजी उतरत नाही. वरची माती काठोकाठ भिजून जड झाल्याशिवाय ते मातीला सोडत नाही. म्हणजे जो ओला थर कुंडीच्या अगदी तळाशी राहिला असता, तो खड्यांच्या वर, मुळांच्या जवळ येऊन बसतो. आमचे सर हे वर्गात एका स्पंजने दाखवायचे. भांडी घासायचा आयताकृती स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरायचा. निथळायचा थांबला की तोच स्पंज उभा करायचा. लगेच पुन्हा पाणी गळायला लागतं. स्पंज तोच, पाणी तेवढंच, फक्त उंची वाढली. पोरं चकित व्हायची.

या स्पंजावरून आणखी एक गोष्ट कळते, जी लेखाच्या छायाचित्रांकडे पाहून मला सांगावीशी वाटली. पसरट, उथळ थाळीत सात-आठ वेगवेगळी सक्युलंट लावून वर रंगीत गोटे पसरलेले. दिसायला देखणी. पण तळाच्या ओल्या थराची उंची कुंडी उथळ असो की खोल, साधारण तेवढीच असते. खोल कुंडीत मुळं त्याच्या वर राहतात, उथळ थाळीत सगळी मुळं त्या ओलीतच. त्यात दुसऱ्या छायाचित्रातल्या चहाच्या कपाला भोकच नाही. लग्नाच्या रिटर्न गिफ्टमध्ये आणि महिला दिनाला ऑफिसांत अशा बिनभोकाच्या चिनीमातीच्या वाट्या वाटतात. गोटे तर कधी कधी डिंकाने चिकटवलेले असतात, म्हणजे माती ओली की सुकी हेही बघायची सोय नाही! अशी वाटी आली की झाड त्याच दिवशी काढून मातीच्या कुंडीत लावावं आणि वाटीत पेनं ठेवावीत.

मातीचं मिश्रण सांगतो. दोन भाग विटांचा चुरा आणि जाड वाळू, एक भाग माती आणि चांगलं कुजलेलं शेणखत. विटांचे तुकडे तुरीच्या डाळीएवढे ठेवायचे आणि चाळून धूळ काढून टाकायची, नाहीतर तीच धूळ चिखल होऊन भोक बुजवते. बांधकाम चालू असलेल्या कुठल्याही इमारतीपाशी तुटक्या विटा मिळतात, वॉचमनला विचारून घ्याव्यात. समुद्रकिनाऱ्यावरची वाळू नको, तिच्यात मीठ असतं. पर्लाइट (फुगवलेल्या खनिजाचे पांढरे, हलके दाणे) मिळालं तर उत्तम, पण ते नसल्याने कुठलंही झाड अडत नाही. भोकावर नायलॉनच्या जाळीचा तुकडा ठेवला की माती गळत नाही. नर्सरीतून आणलेलं रोप मात्र बहुतेक वेळा निव्वळ कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, असतं. नर्सरीवाल्याला ते वाहतुकीला हलकं पडतं आणि त्याच्या पॉलिहाउसमध्ये ते चालतंही. आपल्या खिडकीत ते एकदा भिजलं की आठ-आठ दिवस ओलं राहतं आणि एकदा पूर्ण सुकलं की पाणीच शोषत नाही, वरून ओघळून जातं. म्हणून घरी आणल्यावर मुळांचं कोकोपीट हलक्या हाताने सोडवायचं, दोन-चार दिवस रोप सावलीत तसंच उघडं ठेवायचं, म्हणजे तुटलेल्या मुळांची तोंडं सुकतात, आणि मग लावायचं. कलिंपाँगहून कुरिअरने येणारी निवडुंगं उघड्या मुळांनीच कागदात गुंडाळून येतात. प्रवासाने ती मरत नाहीत. पोचल्या पोचल्या लोक त्यांना ‘बिचारी तहानलेली’ म्हणून जे पाणी पाजतात, त्याने मरतात.

ज्या एका गोष्टीने सगळ्यात जास्त झाडं जातात ती अशी. पान सुरकुतलं, की सगळ्यांना वाटतं तहान लागली. बहुतेक वेळा लागलेलीही असते. पण मुळं कुजली तरी पानं सुरकुततात, कारण माती ओली असूनही प्यायला मुळंच उरलेली नसतात. मग माणूस आणखी पाणी घालतो. फरक असा ओळखावा: तहानलेल्या झाडाची खालची पानं पातळ, मऊसर आणि कोरडी होतात, पाणी घातल्यावर एक-दोन दिवसांत पुन्हा फुगतात. कुजणाऱ्या झाडाची पानं पिवळट, अर्धपारदर्शक, गिळगिळीत होतात आणि नुसत्या स्पर्शाने गळून पडतात. बुंध्याशी काळपट दिसायला लागलं की औषध शोधत बसू नये. धारदार सुरी स्पिरिटने पुसून घ्यावी आणि काळा ठिपका पूर्ण जाईपर्यंत बुंध्याकडून वर कापत जावं. आतला गाभा स्वच्छ हिरवा दिसला की थांबावं. तो शेंडा चार-पाच दिवस सावलीत, कोरड्या जागी ठेवला की कापलेल्या तोंडावर खपली धरते. मग तो कोरड्या मिश्रणावर टेकवून ठेवायचा, मुळं दिसेपर्यंत पाणी नाही. आमच्याच इमारतीतल्या एका काकूंनी कचऱ्यात टाकायला काढलेली एचेवेरिया अशीच आता चार कुंड्यांत झाली आहे. त्यांनी मला त्यातली एक परत दिली, आणि वर म्हणाल्या, तुमचं झाड बघा किती छान आहे!

आता तिसरी गोष्ट, रात्रीचा ऑक्सिजन. यात अर्धसत्य आहे आणि तेच घोळ घालतं. स्नेक प्लांट, पानफुटी आणि बरीचशी सक्युलंट दिवसा पानांची छिद्रं मिटून घेतात, म्हणजे उन्हात पाणी उडून जात नाही. रात्री, गारव्यात ती छिद्रं उघडतात, कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि त्याचं मॅलिक आम्ल करून साठवतात. सकाळी ऊन आलं की त्या साठ्यातून कार्बन डायऑक्साइड सोडवून साखर बनवतात. ऑक्सिजन निघतो तो उजेडातच, पाण्याच्या रेणूचं विघटन होताना. अंधारात हे झाडही इतर झाडांसारखं श्वास घेतं आणि ऑक्सिजन वापरतं.

आमच्या विभागात याचं प्रात्यक्षिक दरवर्षी असायचं. मला पहाटे उजाडायच्या आत जाऊन पानफुटीची पानं तोडून उकळत्या पाण्यात टाकायला लागायची. तशीच पानं दुपार कलल्यावर पुन्हा. मग विद्यार्थी दोन्ही अर्क ब्युरेटखाली, म्हणजे थेंब-थेंब द्रावण सोडणाऱ्या मोजनळीखाली, घ्यायचे. पहाटेच्या अर्काला गुलाबी रंग यायला सोडियम हायड्रॉक्साइड कितीतरी जास्त लागायचं, म्हणजे त्यात आम्ल जास्त. आणि हे मूळ निरीक्षण आपल्याकडचंच आहे. मद्रासकडे नोकरीत असलेल्या बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञाने पानफुटीचं पान चाखून पाहिलं. सकाळी आंबट, दुपारी बेचव, संध्याकाळी किंचित कडू. त्याने हे १८१३ साली लंडनला कळवलं, तेही एका पत्रातच, आणि १८१५ मध्ये ते लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात छापलं गेलं. (वाचकांनी चाखायला जाऊ नये. पानफुटीच्या जातीतल्या बऱ्याच झाडांत हृदयाला घातक द्रव्यं असतात. शेळ्या-गुरांना ती बाधतात.)

लेखात ‘नासाने सिद्ध केलं आहे’ असंही आहे. १९८९चा तो प्रयोग छोट्या, हवाबंद पेट्यांत केलेला होता, राहत्या घरात नव्हे. २०१९ मध्ये दोन संशोधकांनी अशा सगळ्या प्रयोगांचे आकडे एकत्र मांडले. खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याएवढी हवा शुद्ध करायची तर दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील, असं त्यांतून निघालं. एवढी झाडं लावली तर खोलीत पलंग कुठे ठेवायचा? स्नेक प्लांट खुशाल ठेवा. कमी उजेडात तगतं, ते दिसायला बरं आहे, एवढं कारण पुरे.

आणखी एक तक्रार, जरा सौम्य. लेखात ‘सक्युलंटला कडक ऊन हवं’ असं सरसकट म्हटलं आहे. सक्युलंट हे काही एक घराणं नाही. हॉवर्थिया दक्षिण आफ्रिकेत झुडपांच्या सावलीत वाढते, एप्रिलच्या पश्चिमेच्या उन्हात ती करपून तांबडी होते. एचेवेरिया मूळची मुख्यतः मेक्सिकोच्या डोंगराळ भागातली. तिला ऊन चालतं, पण आपल्या पावसाळ्यातल्या उकाड्याच्या रात्री तिला मानवत नाहीत. अडेनियम मात्र उन्हाळ्यात खूश असतं आणि थंडीत पानं गाळून झोपतं, तेव्हा त्याला पाणी पाजून उठवू नये. जेड म्हणून नर्सरीत जे मिळतं ते पुष्कळदा जेड नसतंच. तांबूस काडी आणि छोटी, पातळ पानं असतील तर ते पोर्टुलॅकॅरिया. तेही दक्षिण आफ्रिकेचंच, पण पाण्याच्या बाबतीत बरंच सोशिक. पावसाळ्यात टिकणारं काही हवं असेल तर नवशिक्याने त्यानेच सुरुवात करावी. आणि ‘पेन्सिल कॅक्टस’ या नावाने काही शे रुपयांना विकतात ते आपलं बांधावरचं शेर. त्याचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. लेखात त्याचं छायाचित्र मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर आहे. ते छायाचित्र बघून मला खरंच राग आला.

पिठ्या ढेकूण पानांच्या बेचक्यात कापसासारखा दिसला तर कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून टिपून घ्यावा. एचेवेरियावर कडुनिंबाचं तेल मारू नये, तिची भुकटी जाते.

हे पत्र छापणार असाल, किंवा दुरुस्ती देणार असाल, तर एक विनंती: ती मृगाच्या आधी द्या. आत्ता वाचकाला करण्यासारखं बरंच आहे. कुंड्या पत्र्याखाली किंवा आतल्या बाजूला घेणं, कोकोपीट काढून विटांच्या मिश्रणात हलवणं, बिनभोकाच्या वाट्या रिकाम्या करणं, कुंड्यांत वारा खेळेल एवढं अंतर ठेवणं, आणि पाऊस लागला की माती सुकलेली दिसल्याशिवाय तांब्याला हात न लावणं. आर्द्रा लागल्यावर दुरुस्ती छापलीत, तर सोबत कुजलेला शेंडा कापून पुन्हा कसा लावायचा याचा वेगळा लेख मागवावा लागेल. तो लिहून द्यायला मी तयार आहे. मानधन नको, छायाचित्रं मात्र मी सांगेन ती वापरा.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त प्रयोगशाळा परिचर,
डोंबिवली (पूर्व)